लेकीच्या पुस्तकातला मिशीवाला जादूगार

वेलचेरी, सोमवार

तीर्थरूप हंबीरअण्णांच्या पायांवर धाकट्या रघुरामचं डोकं.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वैनींची साखर उतरली का? इकडे आमची सौ. विशालाक्षी खुशाल, जननी तर फारच खुशाल; माझं मात्र कालपासून काही खरं नाही. अण्णा, अड्यारच्या एका हॉलमध्ये दीडशे माणसांदेखत तुमचा भाऊ खलनायक ठरला. आणि ठरवला कुणी, तर पोटच्या लेकीनं!

झालं असं. जननीनं ऑफिस सांभाळून इंग्रजीत जादूची कादंबरी लिहिली, तिचं काल प्रकाशन होतं. मी नवी वेष्टी नेसून पहिल्या रांगेत. म्हटलं असेल पोरांसोरांचं काहीतरी, उडत्या सतरंज्या, बोलणारे पोपट. तिनं वाचायला घेतलं आणि मी ताठच झालो. भातशेतीतलं एक राज्य. राजा वारतो, मागे मुलगी. समुद्रापलीकडून व्यापारी येतात, ते जादूगार. तलवार नाही, तोफ नाही. नुसता कागद वाचतात, आणि कागदात ज्याचं नाव नाही तो माणूस कुणाला दिसेनासाच होतो! राजकन्या भर दरबारात ओरडते आणि लोक तिला धक्के मारत खुर्च्या हलवतात. अय्यो, म्हटलं, हे तर आपलं तंजावर! अठराशे पंचावन्न! घरात मुलगी असताना पुरुष वारस नाही म्हणून कंपनीनं राज्य गिळलं, हे मी दर रविवारी जेवताना सांगतो (आणि दर रविवारी माझं रस्सम गार होतं). माझी छाती फुगली. शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितलंसुद्धा, की हिला हा इतिहास मी शिकवला.

मग मुख्य जादूगार आला. झुपकेदार मिशी, खिशात माप घ्यायची पितळी पट्टी (गिंडीचा कारखाना सुटला तरी माझ्या खिशातून ती सुटलेली नाही, तुम्हाला ठाऊक आहे). आणि म्हणतो काय, "पोर गुणाची आहे, वादच नाही. पण घराणं चालवायचं तर मुलगाच हवा." अण्णा, हे वाक्य माझं! आपल्या खंडोबाचे टाक तुमच्या विश्वजितकडे द्यायचे ठरले, तेव्हा पोंगलला फोनवर मी तुम्हाला हेच म्हणालो होतो, शब्दन् शब्द. कार्टी स्वयंपाकघरात होती. चाळीस वर्षं ज्या कंपनीला शिव्या घातल्या, ती माझीच मिशी लावून उभी! वर लोक जादूगाराच्या चित्राखाली माझी सही मागायला आले. (केल्या. सात.)

परतताना शेअर ऑटोत मी तोंड सोडलं, की बापाला असं चव्हाट्यावर मांडतात का. जननी बाहेर बघत बसली. बोलली ती विशालाक्षी, तीही परक्या माणसांसमोर. पुराच्या साली छातीभर पाण्यातून टाक डोक्यावर घेऊन कोण गेलं? रोजचा दिवा कोण लावतं? हीच पोर ना? आणि त्या दिवशी तुम्ही काय उचललंत? (मिक्सर. नवा होता हो.) ऑटोवाल्यानंसुद्धा मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

आज सकाळी उठून बघतो तर जननी देवघरात चिंचेनं टाक घासत बसलेली. शुक्रवारी विश्वजित न्यायला येणार, काळे कसे द्यायचे, म्हणाली. शेजारी आपल्या आईच्या लुगड्याचा तुकडा, गुंडाळायला. रुसवा नाही, टोमणा नाही. अण्णा, मला एकदम भडभडून आलं. पंधरा मिनिटं दारात उभा होतो, आणि तिचं माझ्याकडे लक्षही गेलं नाही.

तरीही सांगतो, बापाची मिशी पुस्तकात घालणं हा आगाऊपणाच. बाकी सर्व क्षेम. वैनींना नमस्कार.

तुमचा,
रघुराम

ता. क. – विश्वजितला शुक्रवारचं तिकीट रद्द करायला सांगा. टाक जननीकडेच राहतील. तिला सांगून झालंय. चिंचेचे हात माझ्या सदऱ्याला पुसत रडली.

आणखी एक – तुमची हरकत असेल तर अवश्य कळवा. मात्र ती दुसरा भाग लिहायला बसली आहे, खलनायक अजून मिळालेला नाही, आणि तुमचा एखादा फोटो आहे का, असं कालपासून दोनदा विचारून झालंय.