हॉस्टेलच्या पाटीवरची टिकली

सोम., ९ जून
पाटीचा खरा खर्च: बिडाचं लोखंड बेचाळीस किलो. आमच्या कारागीर बापूचे चार दिवस, लाकडात अक्षरं कोरायला. पहिलं ओतीव फुटलं, दुसरं उतरलं. आणि काल, भर मांडवात, आईचं नाव.

शाळेच्या हॉस्टेलला मी दिलेली पाटी. ‘हौसाबाई गर्ल्स हॉस्टेल’. इंग्रजीत, कारण कमिटीला तशी हवी. आईनं फौंड्रीत वाळूची घमेली वाहिली. तिचं नाव लोखंडात. पडदा ओढला, टाळ्या. मग माइकवर मोकाशी सर. इंग्रजीचे, रिटायर. मला नववीत दोनदा बसवलेले. म्हणाले, “ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी पडलीय. म्हणजे हॉस्टेल एकाच मुलीचं. बाकीच्या पोरींनी कुठं झोपायचं, शंकरराव?”
सगळा मांडव हसला. पोरीसुद्धा. आईचा फोटो हार घालून समोर. मीही हसलो. हसायला लागतं.

माझे कान अख्ख्या शिरोलीला माहीत आहेत. ओतीवावर हातोडी टेकवली की तडा कुठं ते सांगतो. ऑर्डर फोनवर ऐकतो, दुसऱ्यांदा विचारत नाही. तीस वर्षं. माझ्याकडनं चूक जात नाही.
मो. सरांना सोडत नाही.

मंगळ., १० जून
बापूला सकाळीच धरलं. पॅटर्नवर, म्हणजे ओतायच्या लाकडी नमुन्यावर, अक्षरं बसवणारा तोच. ॲपॉस्ट्रॉफीला टिकली म्हणतो. वेगळी कोरून खिळ्यानं लावतो.
“ऑर्डरच्या चिठ्ठीत हुतं तसंच लावलंय की, मालक.”
“कुठाय चिठ्ठी?”
“पॅटर्नच्या पाठीला डकवल्या, न्हेमीसारखी. पालथा करून बघा.”
म्हटलं, पालथा काय बघतोय, तूच घरला चालायला लाग. एकवीस वर्षं कामाला. डबा उचलला, गेला. वळून बघितलं नाही.

गुरु., १२ जून
सूनबाईकडं शिकवणी. राजश्री इंग्रजी मीडियमला शिकवते. “एका मुलीचं असलं तर टिकली एसच्या आधी, मामा. अनेकींचं असलं तर एसच्या नंतर. नुसत्याच अनेक मुली, मालकी कुणाची नाही, तर टिकलीच नको.” लेकरांना म्हणे वेगळा कायदा. ‘चिल्ड्रन’ आधीच अनेक, शेवटी एस नाही, म्हणून टिकली पुन्हा एसच्या आधी. तीनदा वदवून घेतलं.
सांजचं राजारामपुरीत चक्कर. सहा पाट्या वाचल्या, सहाही चुकलेल्या. एका सलूनला दोन टिकल्या. पण त्यानं पोट भरत नाही. मला मो. सरांची चूक पाहिजे.

रवि., १५ जून
घावली!!
मो. सरांच्या क्लासचं पत्रक, पेपरात घालून आलं. ‘पेरेंट्स मीटिंग’, टिकली एसच्या आधी. म्हणजे पालक एकच. राजश्रीला दाखवलं. “मामा, शिकलात की!”
घाई नको. मीटिंग पुढच्या रविवारी. उद्याच नातीचं नाव क्लासला घालतो. मग मीही पालक. कोण अडवतो बघू.

रवि., २२ जून
हॉल गच्च. सर म्हणाले, कुणाला काही विचारायचंय? उठलो. पत्रक वर धरलं. “सर, ह्यात एकाच पालकाला बोलवलंय. मी आलोय. बाकीच्या पावण्यांनी घरला जायचं काय?”
मांडवापेक्षा मोठा हशा. शप्पथ. त्यांचं तोंड बघायला आठ दिवस थांबलेलो.
सरांनी चष्मा लावला. वाचलं. म्हणाले, “बरोबर आहे. प्रूफ मीच वाचलं, सही माझी. चूक माझी.” छापणाऱ्याचं नाव नाही, कुणाचंच नाही. वर, “बसा शंकरराव, आजचे मार्क तुमचे.” टाळ्या पडल्या. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, कळलं नाही.
घरी येताना मजा आली. म्हणजे, यायला पाहिजे होती...
राजश्रीला म्हटलं, कमिटीनं फोनवर नीट सांगितलं असतं तर ही वेळच आली नसती. ती म्हणाली, “तिन्ही गर्ल्स ऐकायला एकच, मामा. टिकलीला आवाज नसतो.”

सोम., २३ जून
नवी पाटी ओतायची. कमिटीचं जुनं पत्र टेबलात तसंच पडलेलं, आज फोडलं. त्यात टिकली बरोबर, एसच्या नंतर.
बापूला दोन फोन. उचलला नाही. तिसऱ्यांदा त्याची बायको. “त्ये राधानगरीला गेल्यात, भावाकडं. शेतात लागल्यात म्हनं. काय सांगू?” म्हटलं, काही नको, मीच सांगतो. अजून गाडी काढलेली नाही.
का शोधतोय त्याला, तेवढं लिहून ठेवतो. टिकली सरकवायला पॅटर्न रॅकवरून मीच काढला. पालथा केला. चिठ्ठी आहे. टिकली एसच्या आधी. अक्षर माझं.