आधी माझ्या हाताला

८ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला की अजून घरभर वाजतोय? मी बरी आहे. केस मानेपर्यंत आलेत आणि गंमत म्हणजे चक्क कुरळे आलेत. ऑफिसात सगळ्या विचारतात, कुठल्या पार्लरमध्ये केलेस म्हणून.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तुझ्या लेकीचा विषय काढला की तुझं गॅसवरचं दूध उतू जायला लागतं आणि फोन बंद. चार वर्षं झाली, अगं एवढं दूध तुम्ही पिता तरी किती? "लोकांची कातडी खराब करून पोट भरायचं असेल तर या घराचं दार बंद," असं तू तिला म्हणालीस, घर बदललंत तरी ते दार अजून बंदच आहे. म्हणून लिहितेय. पत्र फाडता येतं, पण तू आधी वाचशील. मी तुला ओळखते.

तर, मी तुझ्या नाजूकबाईच्या दुकानात गेले होते. हो, टॅटूच्याच. आणि नुसती बघायला नाही, स्वतःच्या अंगावर काढून घ्यायला. बस, आधी खाली बस.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या वर तिची खोली आहे. मला वाटलं होतं, अंधार असेल, कर्कश गाणी असतील, भिंतीवर कवट्या असतील. कसलं काय! दाताच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची, लखलखीत सिंक आणि स्पिरिटचा वास. चपला बाहेर काढायला लावल्या मला, सख्ख्या मावशीला!

मी म्हटलं, मला लाल फूल हवं, चांगलं ठसठशीत. वाटलं, लगेच खुर्चीत बसवेल. तर बाईसाहेब मला ओळखतच नाहीत अशा थाटात विचारायला लागल्या. कुठली औषधं चालू आहेत, कसली ॲलर्जी आहे, डॉक्टरांची परवानगी आहे का. "चिठ्ठी आणल्याशिवाय सुई लावणार नाही." मी पाय आपटत घरी गेले आणि चिठ्ठी घेऊन परत आले.

त्या दिवशी एक शाई विकणारा आला होता. "मॅडम, शंभर टक्के नैसर्गिक, एकदम सेफ." तिने बाटली उलटसुलट करून पाहिली.

"यात आहे काय?"

"नैसर्गिक रंग, मॅडम."

"कशाचे? विषारी झाडंसुद्धा नैसर्गिकच असतात, दादा."

बाटलीवर ना घटक लिहिलेले, ना बॅच नंबर, ना निर्जंतुक केल्याचा उल्लेख. जड धातू तपासल्याचा अहवाल मागितला तर तो डोकं खाजवायला लागला. "हे भिंतीला लावायचं नाहीये, कातडीच्या आत जन्मभर राहणार आहे," असं तिने त्याला शांतपणे समजावलं. चहा पाजला, पण बाटली काही घेतली नाही. अगं ताई, मी बघतच राहिले. जिला स्वतःचा मोजा सापडायचा नाही ती ही पोरगी!

मग तिने पँटचा पाय वर केला. डाव्या पोटरीवर बारीक बारीक ठिपके, रंगीबेरंगी. नवी शाई आली की पहिला ठिपका तिच्या स्वतःच्या पायावर.

"अगं वेडे, पाय आहे की प्रयोगशाळा?"

"मला सोसली म्हणजे तुला सोसेलच असं नाही, मावशी. तुझाही ठिपका घेणार आणि थांबणार. तरी पूर्ण खात्री कुणालाच देता येत नाही. जो देईल त्याच्याकडे जाऊ नकोस. पण मला जे सोसत नाही ते मी दुसऱ्याच्या अंगात कशी घालू? आधी माझ्या हाताला, मग तुझ्या."

हे वाक्य कुणाचं गं, ताई?

लहानपणी हिच्या अंगावर कशानेही पुरळ उठायचं, म्हणून तर नाजूकबाई नाव पडलं. प्रत्येक नवा साबण, प्रत्येक मलम तू आधी स्वतःच्या मनगटावर चोळायचीस. पोर रडून गोंधळ घालायची आणि तू म्हणायचीस, "आधी माझ्या हाताला, मग तुझ्या." ज्या कातडीला इतकं जपलं त्याच पोरीने हा धंदा करावा, हे तुझं दुःख. अगं, ती दुसरं काय करतेय? जपतेच आहे. तुझ्याकडूनच शिकलीय.

तर तिने माझ्या दंडावर लाल शाईचा ठिपका दिला. तिसऱ्या आठवड्यात त्या लालने आपले रंग दाखवले. खाज, सूज, सगळं आलं. तीच मला त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मी म्हटलं, दुसरा लाल आण. तर म्हणाली, "नको मावशी. फूल जिथे हवंय त्या जागेने आधीच फार सोसलंय."

त्या जागेने. आता लिहूनच टाकते. केस मी हौसेने कापले नव्हते, ताई. ते गेले होते. तुम्ही नव्या घरी राहायला गेलात आणि मी ऑडिटचं कारण सांगून आले नाही, तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होते. कॅन्सर होता. डावा स्तन काढला. आता रिपोर्ट चांगले आहेत, देवाशपथ. तुझी लेक याच गावात, म्हणून तिला सांगितलं. उलट्यांचं भांडं तिने धरलं, रात्री तिने जागवल्या. तुला कळवलं असतं तर तू उशाशी आणि ती दाराबाहेर, असं झालं असतं. मला तुम्ही दोघी हव्या होतात. रागावलीस? मग ये आणि समोर बसून शिव्या दे.

शेवटी काळ्या शाईचा ठिपका सोसला आणि मग तिने काम सुरू केलं. व्रणाची रेघ होती ना, तिचाच देठ केला, आणि त्याला पानं फुटलीत. इतकी हलकी, इतकी सुरेख पानं, की काय सांगू! आता मी दिवा लावून कपडे बदलते.

फुलाची जागा मोकळी आहे. तू तिच्या फ्रॉकच्या खिशावर भरायचीस ते पाच पाकळ्यांचं फूल मी मागितलं. तर म्हणाली, "ते आईचं आहे. तिला विचारल्याशिवाय मी घेणार नाही."

"मग विचार की फोन करून."

"तिच्या गॅसवर दूध असतं, मावशी," ती म्हणाली आणि मान फिरवून सुया मांडत बसली.

पुढच्या शनिवारी मी त्या खुर्चीत असेन. दूध उतरवून ठेव, ताई, गॅस बंद कर, आणि ते फूल स्वतःच्या हाताने कागदावर काढून द्यायला ये.

व्रणासकट तुझीच,
बारकी