जावयाला पावती मागायची नसते

मारेगाव,
५ जून २०२६, अधिक ज्येष्ठ

श्री. नयनराव जावईबापू यांस,
सासूबाईंचा आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमचं क्षेम असणारच. दुसऱ्याच्या पैशानं घेतलेल्या एसीखाली झोप चांगली लागते म्हणतात.

परवा तुम्ही यांना फोन करून विचारलंत, धोंड्याचं आमंत्रण अजून कसं आलं नाही. खरं आहे, अधिक महिना तीन वर्षांनी येतो, जावयाला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, वर चांदीचं काही वाण. मागच्या धोंड्याला आम्ही दिलेलं निरांजन तुम्ही सगळ्यांसमोर तळहातावर तोलून पाहिलं होतं. या वेळी आमंत्रण नाही. का नाही, ते फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता आणि आम्ही ऐकतो. म्हणून चिठ्ठी.

अंकुरनं कर्ज केलं ही त्याची अक्कल. लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोराला उडणारा कॅमेरा हवा होता. तो हप्त्यावर घेतला, हप्ते भरायला कार्ड घासलं, कार्ड फेडायला मोबाईलवरून आणखी कर्ज उचललं. आईला सांगायची हिंमत नव्हती, आणि वणीच्या बस स्टँडसमोर तुमची पाटी होती: निश्चिंत कर्ज सल्ला केंद्र. घरचाच वैद्य मिळाला म्हणून तो तुमच्या पायरीशी आला. तुम्ही त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली, फिरत्या खुर्चीत बसवलं, आणि सल्ला काय दिला? हप्ते बंद कर. बँकेचे फोन उचलू नको. सिम बदल. बँकेला द्यायचे ते आमच्याकडे भर, बँक घाबरली की अर्ध्यात मिटवतो. असा सल्ला द्यायला केंद्र कशाला लागतं, जावईबापू? गावातला कोणताही बुडवा पानठेल्यावर उभं राहून फुकटात देतो.

तो दर महिन्याला तुमच्याकडे भरत राहिला. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी यांना म्हटलं होतं, निदान पैसे भरल्याची पावती तर घ्या. तर हे माझ्यावरच चिडले. म्हणाले, "जावयाले पावती मांगू काय? सोयऱ्यात कोनी पावती मांगते काय? लोकं थुंकतीन तोंडावर." मीही पावतीचं सोडून दिलं. जावई दहावा ग्रह, त्याची शांत करायची, हिशेब विचारायचा नाही, हेच ऐकत आले आजवर. तुम्हाला हे पक्कं माहीत होतं. परक्या माणसाला फसवायला अक्कल लागते. सासुरवाडीला फसवायला फक्त जावई असावं लागतं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल, तरी लिहिते. राजूरच्या एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना वसुलीवाले मांडवात आले आणि कॅमेरा घेऊन गेले. नवरीचा बाप अंकुरला म्हणाला, "तू फोटो काढाले आलता का आमची इज्जत काढाले?" त्या दिवसापासून पोरगा फोटोच्या दुकानाचं शटर उघडत नाही. रात्री जेवणाच्या ताटावर बसतो आणि तसाच उठतो. मला कर्जाची भीती नाही, त्याच्या त्या गप्प बसण्याची आहे. तुम्हाला तीन फोन केले त्यानं. तुम्ही एकही उचलला नाहीत. फोन उचलायचा नाही, हा तुमचा सल्ला तुम्ही स्वतः मात्र नेमानं पाळता.

मग मी त्याला हाताला धरून यवतमाळला नेलं. तिथं बँकेनं चालवलेलं एक सल्ला केंद्र आहे, पैसे घेत नाहीत. पाटी बारकी, पंखा कुरकुरणारा, चहाचं नाव नाही. तमन्ना नावाच्या बाई आहेत, बोलायला फटकळ. मला त्या पहिल्यांदा मुळीच आवडल्या नाहीत. मीच सांगायला लागले तर म्हणाल्या, कर्ज मुलाचं आहे, मुलालाच बोलू द्या. सगळे कागद मागितले. घरात तेल किती लागतं, पेट्रोल किती, तेही विचारलं. अर्ध्यात मिटवून देतो असलं काही बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, कार्ड आजच बंद करा, पूर्ण फिटायला चार वर्षं लागतील, आणि हप्ता आमच्याकडे नाही, थेट बँकेत भरायचा. आमच्यासमोरच त्यांनी बँकेला फोन लावला आणि हप्ता कमी करून मागितला. गोड एक शब्द नाही. पण परतीच्या एसटीत अंकुर झोपला, कित्येक दिवसांनी.

तर जावईबापू, भरवशाचं केंद्र कसं ओळखायचं ते मी आता गावभर सांगत फिरते. तुमच्याकडे जे जे होतं, ते ते जिथं नाही, तिथं जावं.

एक गोष्ट मात्र मी अजून लिहिली नाही. उठता उठता बाईंनी अंकुरला विचारलं, केंद्रात भरलेले पैसे कोणाच्या खात्यात गेले? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताईच्या." खातं खुशीचं. तुमच्या केंद्राचा परवानाही खुशीच्या नावावर. पोलिसात तक्रार द्या, पण नाव तिचंच येईल, असं बाई म्हणाल्या. शाबास. सासू जावयावर तक्रार करील, पोटच्या पोरीवर कशी करील, एवढा विचार तुम्ही केलात. आयुष्यात एकदाच डोकं चालवलंत, तेही बायकोच्या पदराआड लपायला.

तुमच्याशी माझं बोलणं संपलं. केंद्राचं टपाल तुम्ही उघडत नाही, ते मला माहीत आहे. ते उघडणारी वेगळी आहे.

खुशी,

वाचते आहेस ना? वर तुझं नाव मी मुद्दाम उशिरा घेतलं. तुझ्या नवऱ्याला इतकं बोलले ते एवढ्याचसाठी, की तुला एक प्रश्न विचारायची वेळ येऊ नये. पण आली. परवान्यावर सही करताना तुला माहीत होतं का? भाऊ दर महिन्याला तुझ्या खात्यात पैसे टाकत होता, तेव्हा तुला काय वाटत होतं, बाळा? मला खरंच कळत नाही, आणि ते मला खातं आहे.

गुरुवारी अकरा वाजता मी अंकुरला घेऊन वणीच्या ठाण्यात जाणार आहे. तुझे बाबा येणार नाहीत, त्यांना अजून लोकांची लाज वाटते. तुला काही माहीत नसेल तर ये आणि तसं सांग. माहीत असेल तरी ये, आणि तेही सांग. दोन्ही वेळा मी तुझ्या शेजारी बसेन. नाही आलीस, तर तुझं नाव मी स्वतःच्या हातानं लिहून देईन, नवऱ्याच्या नावासकट.

अंगावरच्या कपड्यांनिशी आलीस तरी चालेल.

तुझी, आणि अंकुरचीही,
आई