धुता येणारं तोरण

१५ ऑक्टोबर १९९६
ऑफिसच्या कामाने इंदापूरला. काम पंधरा मिनिटांचं, तोरण निवडायला दीड तास. शेवटी प्लॅस्टिकचं घेतलं. केशरी झेंडू, गर्द हिरवी आंब्याची पानं, मध्ये मोती. धुता येतं. दुकानदार म्हणाला, रंगाची गॅरंटी. बारामतीला घरात शिरताच राजेश्वरीचा प्रश्न: कन्हेरीहून छबूआत्या दरवर्षी झेंडूचं तोरण आणतात, त्याचं काय? बायकोला दूरदृष्टी नाही. या वयात आत्याने फुलांची पिशवी मांडीवर घेऊन एसटीत का बसावं? हे सगळं तिच्यासाठीच केलंय. यंदा फुलं आणू नकोस, असं उद्या तिला कार्ड टाकतो.

१९ ऑक्टोबर
कार्ड आणायचं राहिलं.

२१ ऑक्टोबर, दसरा
साडेसातला तोरण लावलं. लांबून अगदी खरं वाटतं. आठला आत्या हजर, पिशवीसकट. वर बघून म्हणाली, झ्याक हाय की. मग म्हणाली, आन ह्ये कुठं बांधू? मी मागचं दार सुचवलं. तिने तिथे बांधलं. जाताना बजावलं, इजू, काढू नगं बरं. दादाच्या दारापासनं ह्येच बी चालत आलंय. रानातली समदी फुलं बाजारात जात्यात, बियाला एवढंच ऱ्हातं. जेठात येऊन न्हेते.
दादा म्हणजे माझे वडील. मी शब्द दिला. मागच्या दाराचं जरा मनाला लागलं. पण तिथे वारा चांगला, फुलं लवकर वाळतील.

१० नोव्हेंबर, दिवाळीची पहिली अंघोळ
लाकडं ओली, बंब पेटेना. पोरं तेल लावून कुडकुडतायत. मागच्या दाराशी चाचपडताना हाताला वाळलेलं काहीतरी लागलं. घातलं. लगेच पेटलं.

त्याच दिवशी, सकाळी ८
अंधार होता, हे खरं. पण दोरी हाताला लागली तेव्हाच कळलं होतं. इथे खोटं लिहून काय उपयोग? पाणी मात्र छान तापलं.

१ जानेवारी १९९७
संकल्प. येत्या रविवारी कन्हेरीला जाऊन आत्याला सगळं सांगायचं.

४ मे, रविवार
आज जाणार होतो. ऊन फार.

१४ जून
आत्याचा निरोप, उद्या येते. धावत जाऊन झेंडूच्या बियांचं पाकीट आणलं. बियांना गुलाबी औषध! चहाच्या गाळणीत धरून तीनदा धुतलं, पंख्याखाली वाळवलं, जुन्या वर्तमानपत्रात पुडी बांधली. कुणाच्या बापाला कळणार नाही. राजेश्वरीने नवी गाळणी आणली.

१५ जून
आत्याने पुडी उघडली, वास घेतला. विचारलं, फुलं तूच कुस्करलीस? मी हो म्हणालो. म्हणाली, लई साफ केलंस, बाबा. पुडी पदरात बांधली आणि गाडी चुकंल म्हणून चहा न घेताच निघाली. गाडीला दीड तास होता.

११ ऑक्टोबर, दसरा
तोरण धुतलं. केशरी रंग बादलीत उतरला. तरी लावलं.
आत्या आली. हातात फक्त आपट्याची पानं. म्हणाली, औंदा फुलं मोठाली आली, समदी बाजारात दिली. तुज्या दाराला हाय की.
मी धीर करून म्हणालो, आत्या, ते बी... तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, ठावं हाय मला. दादाच्या फुलाला वास व्हता.
एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.
ती गेल्यावर दुपारी बंबामागची राख चाळत बसलो. वर्षभरात ती कितीदा काढून टाकली असेल. तरी चाळली. जुनी गाळणी होतीच.