नेरडीगोंड्याजवळची झोपडी

बाबा, मी आता तुमच्यापेक्षा वयानं मोठी झाले आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमचे केस काळे होते. माझे पांढरे होऊनही बरीच वर्षं झाली. शाळेतली नोकरी संपली, दिवस मोकळे झाले, आणि नेरडीगोंड्याजवळचं ते शेत हल्ली फार आठवतं.

आदिलाबादेत प्लेग आला, घराघरांत उंदीर मरून पडू लागले आणि गाव रिकामं करायचा हुकूम सुटला, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सामान बांधता बांधता आईला ताप भरला, काखेत गाठ आली, चौथ्या दिवशी ती गेली. तिला पोचवून आलात आणि त्याच पावली बैलांची बंडी आणलीत. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ज्वारीच्या शेतात, तुराट्यांच्या झोपडीत आपण दोघं राहायला गेलो.

तुम्ही तहसील कचेरीतले कारकून, कायम घाईत. जेवायचात तेसुद्धा उभ्यानं. कचेरी बंद होती तरी पहिले काही दिवस तुम्ही सकाळी शेरवानी चढवून सडकेपर्यंत जात होता आणि ऊन चढलं की परत येत होता. मग एका सकाळी चुलीपाशीच बसून राहिलात.

"बाबा, आज तयार नाई झाले तुमी?"

"कोनासाठी होऊ?" एवढंच म्हणालात आणि गुडघ्यांत तोंड घातलंत. आई गेल्यावर तुम्ही रडलात ते त्या दिवशी.

त्यानंतर दिवस हळू झाले. तुम्ही भाकरी थापायला शिकता आहात, ती तव्यावर टाकता टाकता मोडते, आणि आपण तिचे तुकडे दुधात कुस्करून खातो आहोत. कुठं जायचं नाही. किती दिवस राहायचं ते कोणालाच माहीत नाही. मी चुलीतली राख ओढते आहे, आणि तुमची नजर माझ्या हातावर थांबते.

"तू डावखोरी हायेस?"

"लहानपनापासून."

"मले कोनी सांगितलं नाई."

"तुमी घरी कुठं राहत होते?"

मी सहज बोलले होते.  तुम्ही ती राख सपाट केलीत आणि बोटानं अलिफ, उर्दूतलं पहिलं अक्षर, काढून दाखवलंत. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, या हाताला सोपी जाईल, म्हणालात. त्याच हातासाठी आईनं मला कितीदा मारलं होतं.

ज्वारी निसवायला लागली, कणसं बाहेर पडू लागली, तेव्हा आत्या बंडीतून आली. माझं लग्न आईनं आधीच ठरवून ठेवलं होतं; आता ते लवकर उरकावं म्हणून ती आली होती. तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुले काय वाटते?" अशा गोष्टी मुलींना कोणी विचारत नसे.

"मले शिकायचं हाय," मी म्हणाले.

आत्या तुमच्यावर संतापली. "बिन मायची पोर. तिचं उद्या कोन पाहील?"

"उद्याचं मले काईच दिसत नाई, अक्का," तुम्ही म्हणालात. "म्हनून तर म्हनतो, घाई नोको."

आत्या पाणीसुद्धा न घेता गेली. पुढं कितीतरी वर्षं तिनं आपल्या घरात पाऊल टाकलं नाही.

गाव पुन्हा उघडलं, आपण घरी परतलो. दोन वर्षांनी तुम्ही मला हैदराबादेत मुलींच्या शाळेत नेऊन ठेवलंत. मी सुटीत आले की तुम्ही कचेरीतल्या लोकांना सांगत असायचात, पोरीला शिकायची फार ओढ, झोपडीत स्वतः होऊन म्हणाली. मी खाली बघत उभी असे. तिसऱ्या वर्षी तुमच्या तापाची बातमी वसतिगृहात आली. मी आदिलाबादला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजारी म्हणाले, शेवटचे दोन दिवस घरात कोणी नव्हतं.

मी पुष्कळ शिकले, बाबा. मुलींच्या दोन पिढ्या शिकवल्या. पण त्या दिवशी आत्यापुढं जे बोलले ते खरं नव्हतं. शिकण्याची ओढ मला पुढं लागली, तेव्हा नव्हती. लग्न झालं तर तुम्ही त्या झोपडीत एकटे पडाल, एवढंच माझ्या मनात होतं, आणि ते सांगायची लाज वाटली.