पुढच्या चार रांगा

६ जाने., मंगळ
शकीलभाईच्या ऑनलाईन सेंटरवर तिकिटं काढली. आई आणि आप्पा, पुणे ते जयपूर, १६ ता., दुपारी ४.१०. मी नाही जात. ताईला मुलगी झालीय, आप्पांनी नात नुसती फोनवर बघितलीय. झटका आल्यापासून त्यांचा उजवा पाय लाकूड, रेल्वेनं एवढं लांब जमणार नाही. बोलणं पण गेलं. म्हणजे बोलतात, पण ते कळतं फक्त आईला. मला निम्मं. परक्याला काडीचं नाही. पाणी पाहिजे का लघवीला जायचंय, आईच सांगणार. तेव्हा विमानात दोघं शेजारी-शेजारी बसली पाहिजेत. बाकी काय मागणं नाही.
श.भाई म्हणला सीटचे पैसे वेगळे, भरू का. मी म्हणलो, तिकीट काढलं की, मग काय पंखावर बसवणारेत? तो हसला.
व्हीलचेअर लिहू का म्हणला. घरी येऊन विचारलं तर आप्पांनी काठी उगारली. विषय संपला.

७ जाने.
मोबाईलवर विमानातल्या सीटांचा नकाशा उघडून बसलो. पुढच्या चार रांगा, सगळ्या फुल्या. नऊ दिवस आधी? तेर-धाराशिव सकाळच्या गाडीला पण एवढी झुंबड नसते.
सेंटरवर जाऊन विचारलं. श.भाई म्हणे, "फुली म्हंजे विकलेली नव्हं रे. रोकून ठेवलेली." कार्डवाले, मोठ्या कंपन्यांचे सायेब, नेहमीचे बडे गिऱ्हाईक, त्यांच्यासाठी. ते आले नाहीत की सोडतेत. थोडी दोन दिवस आधी, थोडी एक दिवस आधी, आणि थोडी निस्ती विमानतळाच्या काउंटरवर, ऐन टायमाला.
"आन् तोपर्यंत?"
"तोपर्यंत तुज्यासारख्यानं घाबरून पैसे भरायचे."
म्हणजे रिकामं विमान भरलेलं दाखवायचं. लई हुशार. टाय लावून हेच करतात.

९ जाने.
अणदूरला दोस्ताकडं गेलतो, एका दिवसासाठी, दोन झाले. त्याच्या गाडीचं कार्बोरेटर खोललं, परत बसलं नाही. खंडोबाच्या देवळामागं ऊन खात बसलो. हैदराबादचं हॉटेलातलं काम का सोडलं, बी.ए. का सोडलं, त्याच्या आईनं सगळं विचारलं. सांगण्यासारखं काय नव्हतं.
येताना एसटीत एकानं खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. आप्पा आठवले. आप्पा कंडक्टर. असा टॉवेल, टोपी, पिशवी दिसली की उचलून मालकाच्या हातात द्यायचे. "रुमालाला तिकीट नसतं." एवढंच बोलायचे, आवाज न चढवता. पण आमदारासाठी म्हणून राखीव सीट असायची, ती मात्र कुणाला द्यायचे नाहीत. घंटी मारायच्या टायमाला मागं बघायचे, आमदार काय आलेला नसायचा, मग जी म्हातारी उभी असंल तिला बस म्हणायचे. फुकट.
विमान कंपनीनं रुमाल आणि राखीव सीट, दोन्ही उचललं. रुमाल स्वतःच टाकते, आणि उचलायचे पैसे घेते.

११ जाने.
ताईचा फोन. म्हणली सीटचे पैसे भरून टाक, मी पाठवते, डोकं लावू नको. मी म्हणलो, एक रुपया देणार नाही त्यांना. ४८ तास आधी फुकटचं चेक-इन उघडतं, मी पहिला घुसणार.
"तू कुठं वेळेवर पोचलायस आजपर्यंत?"
फोन ठेवला.

१४ जाने., संक्रांत
घरात बायका वाणाला आलेल्या. मी कोपऱ्यात मोबाईल घेऊन. ४.१० ला उघडलं, ४.१० लाच दाबलं. पहिला मीच असणार सगळ्या विमानात.
आई ९ बी. आप्पा २७ ई.
दोघं मधल्या सीटवर. अठरा रांगांचं अंतर.
तसाच सेंटरवर पळालो. श.भाईनं कपाळाला हात लावला. "तुला बोला कौन पयले घुसने को?" म्हणे एसटीत आधी चढंल त्याला खिडकी. इथं फुकटात आधी घुसंल त्याच्या गळ्यात जी कुणी विकत घेईना ती मधली. थांबला असतास तर सुटलेल्यातली मिळाली असती.
म्हणलो बरं, आता पैसे भरतो. (हो, म्हणलो.) तर जोडीनं दोन सीट राहिल्याच नाहीत. एक इथं, एक तिथं. जोडीच्या सगळ्या त्या चार रांगांत, फुलीखाली.
आईला सांगितलं नाही. तिळगूळ देताना विचारलं तिनं, "झालं का रे जागेचं?" हो म्हणलो.

१५ जाने.
आज ४.१० ला एक दिवस राहणार, म्हणजे काहीतरी सुटणार. गजर लावला. दुपारी ढोकीला, पुण्याला जायची जीप ठरवायला गेलो. येताना रस्त्यावर उसाची ट्रॉली कलंडलेली, ही गर्दी. ड्रायव्हर ट्रॅक्टरवर बसून शांत बिडी ओढतोय, जसं काय दुसऱ्याचीच ट्रॉली. उचलू लागलो, एक कांडं खाल्लं, गप्पा. गजर वाजला असंल खिशात. बघितलं तेव्हा पावणेपाच.
चौथी रांग सुटली होती. सुटून भरली पण होती. सहाच्या सहा.
कंपनीला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.
रात्री जेवताना आईला खरं सांगितलं. ती भाकरी मोडत राहिली. म्हणली, "त्यांना तहान लागली तर सांगणार कुणाला?" आप्पा ताटाकडं बघत होते.

१६ जाने., शुक्र. पुणे
विमानतळाबाहेर बाकावर बसून लिहितोय. पहाटे निघालो, दीडला पोचलो. तिकीट नाही म्हणून मला दारातनंच आत सोडत नाहीत. बाकावर आप्पांची काठी आडवी टाकून तिघांची जागा धरली. लोक येतात, काठीकडं बघतात, पुढं जातात.
१, २, ३ रांगा अजून फुल्या. श.भाईला फोन केला. म्हणला काउंटर ३.१० ला बंद, त्याच्या आधी सोडतील, नक्की कवा ते अल्ला जाने. मी ठरवलं, फुली जाताना दिसली की मग यांना आत पाठवायचं. उगी आधी जाऊन २७ ई चा कागद हातात पडला तर बदलणार कोण?

२.२० फुल्या.
२.३५ फुल्या. आई म्हणली किती वेळ बसवणारेस. आप्पांना तिनं लघवीला नेऊन आणलं.
२.४५ फुल्या. काचेतून दिसतंय, आत काउंटरवर पोरी कडक इस्त्रीत हसतायत. विमान निम्मं रिकामं असंल, यांचं हसू तेवढं भरलेलं.

नंतर लिहितोय. पावणेतीननंतर आप्पा बोलायला लागले. लांबलचक, घोगरं, हातवारे करत. मला फक्त 'घंटी' कळलं. आईनं ऐकून घेतलं, मग माझ्याकडं वळली.
"ते म्हणत्यात, राखीव शीट कंडक्टर घंटीच्या टायमालाच सोडतो, ते बरोबर हाय तुजं. पण सोडतो ती म्होरं उभं ऱ्हायलेल्याला. खाली उतरून बसलेल्याला कोण देतंय?"
मी म्हणलो दोन मिन्टं, फुली जाऊ दे.
"तू बघत बस त्यो फोन."
उठली. पिशवी एका खांद्याला, आप्पांचा हात दुसऱ्या खांद्यावर घेतला, आणि निघाली. दारातल्या जवानानं कागद बघितले, सोडलं. काचेतून दिसत होती दोघं. काउंटर लांब. आप्पांचा सगळा भार आईवर, एकच माणूस चाललंय असं. रांगेत पुढं चार जण. ३.०१.
पोचली. आई बोलतीय, काउंटरवरची पोरगी मान हलवतीय. नाही म्हणून का हो म्हणून, इथनं कळत नव्हतं. मग आप्पा बोलायला लागले. त्या पोरीला, सरळ. पोरगी आईकडं बघायला लागली, आई सांगायला लागली. परत आप्पा, परत आई. ती पोरगी उठून उभी राहिली, वाकून आप्पांच्या पायाकडं बघितलं, आणि बसून टाइप करायला लागली.
मोबाईल बघितला. तिसऱ्या रांगेतल्या फुल्या गेलेल्या. ३ ए, ३ बी, ३ सी, तिन्ही मोकळ्या.
वर बघितलं तर मध्ये एक मोठी फॅमिली, ट्रॉल्या, पोतंभर सामान. काय दिसंना.
खाली बघितलं. 'चेक-इन बंद झाले आहे.' नकाशाच गेला.
फॅमिली सरकली तेव्हा काउंटरपाशी कुणी नव्हतं.
आईला चार वेळा लावला. पहिल्यांदा वाजला, उचलला नाही. मग बंद.

४.३० एक विमान उडालं. तेच का माहीत नाही. इथनं सगळी सारखीच दिसतात.
बाकाशी आलो. बाकाच्या दोन्ही बाजूला माणसं उभी होती, एक म्हातारी पण. कुणी बसलं नव्हतं. आप्पांची काठी होती तशी आडवी, जागा धरून.
निघताना मी काठी दिली नव्हती आप्पांना. त्यांनी मागितली पण नाही. मोबाईलमध्येच होतो.
९ पासून २७ पर्यंत अठरा रांगा. काठीशिवाय.
काठी उचलली. म्हातारीला म्हणलो, बसा आज्जी.
ताईला फोन केला, उतरल्यावर पहिलं विचार दोघं कुठं बसली ते. ती म्हणली, म्हणजे तुला माहीत नाही?
जीपवाला हॉर्न मारतोय.