घरच्या विमानातून पुष्पवृष्टी

१ डिसेंबर, रविवार
ठरलं. मोनिकाच्या लग्नात मांडवावर पुष्पवृष्टी होणार, तीही वधूपित्यानं स्वतः जोडलेल्या विमानातून. व्याही आण्णासाहेब भेटले की सांगतात, थोरल्याच्या लग्नात हेलिकॉप्टर होतं म्हणून. होतं ना! भाड्याचं.
विमानाचं किट दुकानामागच्या शेडमध्ये येऊन पडलंय. बंगळूरच्या एकानं अर्धं जोडून सोडून दिलेलं. का सोडलं, विचारलं नाही. लोकांत चिकाटी नसते.
आमच्या अर्ध्या बेंबळी गावाच्या बोअरमध्ये मी बसवलेल्या मोटारी चालतात. मोटार पाणी वर आणते, विमान माणूस वर नेतं. तत्त्व एकच.

८ डिसेंबर
घरी जोडलेल्या विमानांचे अपघात का होतात, ते इंटरनेटवर वाचलं. सगळी कारणं इतरांना लागू.
म्हणे पहिल्या काही उड्डाणांत धोका जास्त. पहिलं टाळून थेट पुढच्यापासून सुरू करता येईल का, यावर विचार केला. जमत नाही.
म्हणे जोडणारे मूळ डिझाइनमध्ये बदल करतात. मी बदल करत नाही, सुधारणा करतो. पेट्रोलची नळी फार नाजूक होती. काढून आपली बोअरवाली पाइप बसवली. जोडाला टेप. गळलंच तर एम-सील.

२९ डिसेंबर
म्हणे वजन जास्त झालं की घात. पुस्तिकेत पायलटचं वजन आहे, पेट्रोलचं आहे, झेंडूचं कुठंच नाही. म्हणजे झेंडूला मर्यादा नाही. दोन पोती.
मंजुषानं विचारलं, तुमाला इमान चालवता तरी येतंय का? कॉम्प्युटरवरचा सराव दाखवला. नेमका समुद्रात पडलो. कीबोर्ड जुना आहे.
नंतर भाकरी थापता थापता म्हणाली, पोरीच्या लग्नात तुमी माझ्या शेजारी पायजेत, वर न्हाय. बायकांना लांबचं दिसत नाही.

१४ जानेवारी
तिळगूळ द्यायला मेहुणा लिंबाजी येडशीहून आला. परवानगी काढली का म्हणाला. त्याला समजावलं, परवानगी उडायला लागते, पळवायला लागत नाही. आधी पळवून बघू. त्याच्या शेताकडचा रस्ता सरळ आहे. तो नको नको म्हणत होता, म्हणजे तयार आहे.

२ फेब्रुवारी, सकाळ
येडशी. आज विमानाची पूजा. नारळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं झालं. नागूबाई आत्याला पंखाखाली पुढं आलेली बारीक नळी दिसली. म्हणाली, बघा, उदबत्तीची सोय केलीया. खोचल्या दोन. ती वेग मोजायची नळी, पण देवाच्या कामात कुठं आडवं यायचं? काड्या नंतर मी स्वतः काढल्या. थोडी राख आत गेली. वाऱ्यानं निघेल.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
डाव्या हातानं लिहितोय.
इंजिन उत्तम चालू झालं. वेगाचा काटा शून्यावर. काटा शून्य म्हणजे विमान उभं. बाजूच्या बाभळी मागं पळत होत्या खऱ्या, पण मी यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस. आणखी जोर दिला. काटा शून्यच. आणखी दिला. लिंबाजी मोटारसायकलवर शेजारून ओरडत होता. प्रोत्साहन समजलो.
मग बांध आला. मग ज्वारी.
उजवा हात दोन ठिकाणी मोडला. धाराशिवला प्लास्टर. विमानानं जमीन सोडलीच नव्हती, त्यामुळं याला विमान अपघात म्हणता येत नाही.

५ फेब्रुवारी
मंजुषा हळदीचं दूध ठेवते आणि जाते. फक्त एकदा म्हणाली, ज्वारीत तुमाला हुडकताना माझे पाय चालंना झाले व्हते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
लग्न लागलं. आण्णासाहेबांनी धाकट्याला हेलिकॉप्टर आणलंच नाही. रामहरीरावांना, म्हणजे मला, वाईट वाटेल म्हणून रद्द केलं, असं कुणीतरी सांगितलं. मला तेच जास्त लागलं.
कन्यादानाला उजवा हात लागतो. डाव्यानं केलेलं दान देवाला पोचत न्हाय, आत्यानं बजावलं. पाटावर लिंबाजी बसला. मी समोर खुर्चीत, आहेर घेऊन आलेल्यांशेजारी. मंजुषाच्या शेजारची जागा माझी होती. फार वाईट वाटलं.
निघताना मोनिका पाया पडली. आशीर्वादाला प्लास्टरचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. जरा जोरात बसला.
म्हणाली, पप्पा, हळू.